किमान, कमाल, सरासरी

रविवारी निघायचं ठरलं होतं,
निघालो सोमवारी,
म्हणजे लिलाव चालू असताना.
विरुपाक्ष काही बोलला नाही,
फक्त टायरला एक लाथ घालून हवा बघितली.
विजापूर शंभर किलोमीटर.
गिरिजाची अट : आई कामासाठी तीनदाच उतरणार.
मागच्या काचेवरच्या धुळीत तिने
बोटाने तीन रेघा ओढल्या,
एकेक पुसायला.

पहिली सोलापुरातच गेली, मार्केट यार्डात.
साडेतीनशे गाड्या कांदा,
हमालांच्या घोषणा, पायाखाली टरफलांचा गालिचा.
परत आले तर ओढणीला एक पापुद्रा चिकटलेला.
गिरिजाने तो डोळ्यासमोर धरला.
सगळं गुलाबी दिसतंय, म्हणाली,
बाबापण.

दुसरी नांदणीच्या पुढे, बेदाण्याच्या शेडवर.
जाळ्यांवर द्राक्षं सुकत होती आणि वर
उगाचच जमलेले ढग, फेब्रुवारीत.
मलकारी पुजारी चवड्यांवर बसून म्हणाला,
बाई, आभाळाचं लिवा,
पर आभाळाला कळंल असं लिवू नका.
चपला बाहेर काढून गिरिजा आत हिंडली,
फ्रॉकचा खिसा हिरव्या बेदाण्यांनी फुगवून
विरुपाक्षच्या खांद्यावर झोपून गाडीत आली.

तेरा मैलाच्या पुढे ओकली.
आधी बेदाणे, मग शेंगापोळी.
मी उतरले, बाटलीभर पाण्याने तिचं तोंड धुतलं.
ती काचेकडे बघून म्हणाली,
ही कामाची नाही, ही माझी.
रेघ राहू दिली.

सरासरी म्हणजे काय, तिने मग विचारलं.
मी आवक, पोती, भागाकार असं काही सांगत होते.
विरुपाक्ष गिअर बदलत म्हणाला,
कुणालाच मिळत नाही तो भाव.

माझ्या फोनात एकच वही आहे.
तिच्यात सगळं एकाखाली एक :
कांदा लाल, तीनशे, एकवीसशे, अकराशे
ओआरएस दोन पुड्या
तूर, आवक कमी
विरूला विचार, चिडलास का
डाळिंब भगवा, तेजीत
चपल, डावी, सापडत नाही.

चारला पान लागतं.
भीमेच्या पुलाअलीकडे रेंजची एकच काडी,
तीही येऊन जाऊन.
उतरले, कठड्याशी हात उंच करून उभी राहिले,
आणि एवढंसं निवडून घ्यायचं सोडून
अख्खी वही पाठवून दिली.
मागे काचेवर बोट फिरल्याचा आवाज
मला ऐकू आला नाही,
पण आला असणार.

घुमट बंद व्हायला वीस मिनिटं होती.
एका पायात चप्पल घातलेली मुलगी
कडेवर घेऊन विरू सगळे जिने चढला.
वर सज्जात तिने भिंतीला ओठ लावले
आणि हळूच म्हणाली, सरासरी.
पलीकडे मी एकटी उभी होते.
माझ्या कानात आली.

मंगळवारी पान सहा.
तूर आणि डाळिंब यांच्या मध्ये, चौकटीत,
चिडलास का.
शेवटून पहिली ओळ : चप्पल, डावी.
पुढचे तीन रकाने कोरे.
कुणीतरी रात्री जागून
माझ्या चपलेचं शुद्धलेखन तेवढं सुधारलं होतं.

संपादकांचा फोन आला, तो सांगत नाही.
माढ्याहून आला, करकंबहून आला,
सापडली का हो?
एकाने विचारलं, उजवीला काय भाव?

विरुपाक्षने चहा पिताना पेपर दुमडला,
पेन शोधलं,
आपल्या ओळीपुढचे कोरे रकाने भरले.
किमान : हो.
कमाल : यार्डात, अर्धा तास.
सरासरीत काहीच लिहिलं नाही,
बशीचा ओला गोल उमटला तेवढाच.

दुपारी मलकारी पुजारीचा नंबर.
चप्पल हितं हाय म्हणला,
जाळीखाली, सावलीत ठिवलीय.
आणि आभाळ गेलं बरं का बाई,
तेवढं लिवा.