त्याच टाळ्या

चियातुरात त्या हिवाळ्यात वीज दुपारी दोन ते चार यायची,
तीही आली तर.
म्हणून इतिहासाचा तास दोनला.
टीव्ही मी घरून आणायचे, ढकलगाडीवर,
शालीत गुंडाळून, आजारी माणसासारखा.

फीत जुनी. कारखान्याचं उद्घाटन, एकोणीसशे चोपन्न.
रिबीन, कात्री, मँगनीजच्या धुळीवर अंथरलेला गालिचा,
भाषण, आणि टाळ्या.
वीस वर्षं हीच दाखवत आले,
आधी प्रोजेक्टरवर, मग व्हिडिओवर,
आणि वरून सांगत आले :
लिहून घ्या, उत्पादन किती टन.

शोरेना मागच्या बाकावर.
सनावळीत लागोपाठ तीनदा नापास.
संध्याकाळी शेजारच्यांच्या जनरेटरवर तुर्की मालिका बघते,
भाषा कळत नाही म्हणून नुसतीच बघते.
ती म्हणाली, "बाई, मागे घ्या. अजून. थांबवा."
चित्र थरथरलं. मधोमध बर्फाची एक रेघ.
"ही ठिपक्यांच्या रुमालवाली.
हिनं भाषणाआधी ह्याच टाळ्या वाजवल्या होत्या.
हाच डावा हात वर. मागे जांभई देणारा तोच पोरगा.
एकाच टाळ्या दोनदा चिकटवल्यात.
मग भाषण संपल्यावर खरं काय झालं?"

काय झालं?
माझ्याकडे फक्त टन होते.

मग मी पाठ्यपुस्तक उघडायला लावलं, पान एकशे बारा :
'कामगारांनी उत्स्फूर्त स्वागत केले. उत्पादन दुप्पट झाले.'
म्हटलं, आता ह्यात शोधा, कात्री कुठे लागलीय.
अकरा डोकी खाली. हातमोज्यातली बोटं ओळीवरून सरकत.
ऑतार एरवी खिडकीबाहेरच असतो.
त्यानं पहिल्या पूर्णविरामावर बोट दाबून धरलं,
जखमेवर धरावं तसं.
"इथं, बाई. इथून काहीतरी काढलंय."

चारला दहा कमी असताना वीज गेली.
पडदा आकसत आकसत एक पांढरा ठिपका झाला,
विझला.
कुणी उठलं नाही. अंधारात बोलतच राहिले,
भांडलेसुद्धा. टाळ्या न वाजवणाऱ्यांना
ह्यांनी नावं देऊन टाकली होती,
आणि मी, जिनं जन्मभर 'पुरावा?' म्हणून दटावलं,
गप्प ऐकत बसले. पुरावा उद्या विचारीन.

परतताना गाडीचं एक चाक कुरकुरत होतं.
दरीवर, दोराच्या मध्यावर, पाळणा अडकलेला,
आत दोन माणसं, सिगारेटींचे दोन लाल ठिपके,
वीज येण्याची वाट बघत.
कुणी त्याचं चित्रण करत नव्हतं.
मी गाडी थांबवली
आणि उगाचच, कोण कुठल्या बाजूला बसलंय,
नीट बघून घेतलं.