ताप चढेपर्यंत

सकाळी सातला ती अगदी निर्दोष असते.
चोक ओढायचा, किल्ली फिरवायची,
पट्टा एकदा कुरकुरतो
आणि चौऱ्याऐंशी सालची पद्मिनी
शहाण्या मुलीसारखी सुरू.

दुपारी दोनच्या सुमाराला
कामठी रोडवर, नेमकी पुलाच्या चढावर,
आचका न देता, न खोकता
गप्प.
मागे ट्रकचा हॉर्न, शेजारून स्कूटरवाला,
"पेट्रोल संपलं असंन, मॅडम."

पेट्रोल संपलेलं नसतं.
फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकून झालं,
कार्बोरेटर दोनदा धुतला, प्लग नवे, पॉइंट नवे, बॅटरी नवी.
सदरच्या गॅरेजात तीन हजार सहाशे दिले,
बिलाच्या मागे शेरा : दोष आढळला नाही.
अर्धा तास उभी राहिली
की आपली आपण सुरू होते,
जणू मीच काही लागेल असं बोलले होते.

गोळीबार चौकाच्या आत मनोहर पराते.
ह्या शेडमध्ये त्याचे आजोबा लुगडी विणायचे.
पाय सोडून बसायचा मागाचा खड्डा
त्यानं खोल केला, लांब केला,
आता तो त्यातून गाडीखाली शिरतो.

त्यानं बॉनेटला हात लावला नाही.
"केव्हा बंद पडते?"
गरम झाल्यावर.
"मंग आता पाहून काय करू? आता तं साजरी हाय.
बसा. चालू राहू द्या तिले उन्हात."

मी बसले.
एकवीस वर्षं मी धंतोलीत लोकांचं रक्त काढते.
हिवतापाचा माणूस बरा असताना आला
तर काचेवर बरेचदा काहीच दिसत नाही.
थंडी भरून दात वाजायला लागले
की सुई घ्यायची.
हे मला पाठ होतं.
गाडीच्या बाबतीत सुचलं नव्हतं, इतकंच.

माठातलं पाणी कोमट झालं.
समोरच्या पत्र्यावर ऊन नुसतं थरथरत होतं.
मनोहर एका लुनाचं चाक काढत बसला,
एक कान आमच्याकडे.

दोन वाजून दहा मिनिटांनी ती गेली.

"आता," तो म्हणाला,
आणि इतका वेळ सुस्त असलेला माणूस
एकदम घाईत आला,
जणू थंड व्हायच्या आत कोणाला तरी गाठायचं होतं.
प्लग काढला, वायरीत खोचला,
इंजिनाच्या अंगाला टेकवला.
"मारा सेल्फ."
त्याच्या हाताच्या सावलीत ठिणगी :
पिवळी, बारीक, वाट चुकल्यासारखी.
"निळी पाह्यजे. टक् असं बोलली पाह्यजे."

डिस्ट्रिब्युटरचं झाकण : तडा नाही.
रोटर : ठीक.
पॉइंट : महिन्याभराचे, पण काळे,
एकावर खळगा, दुसऱ्यावर तेवढाच सुळका.
तो खळग्याकडे बराच वेळ पाहत राहिला.
"पॉइंटचा दोष नाही, ताई.
पॉइंटले दुसरंच कोणी जाळून राहिलं."

कंडेन्सर. करंगळीच्या पेराएवढा डबा, एक वायर.
जुना सोडवला, नवा तसाच बाहेर लोंबता जोडला.
"मारा."
टक्. निळी.
आणि ती, तापलेली, दोन वाजताच्या उन्हात,
सुरू.

मग नवे पॉइंट, मग गॅप.
खिशातून त्यानं लोखंडाचं एक पातळ पातं काढलं.
"आजोबाच्या फणीतलं. सूत जायचं याच्या बाजूनं.
एकदा गेजवर मोजलं होतं, बराबर निघालं."
दोन्ही टोकांच्या मधून ते सरकवलं,
डोळे मिटून, घासतंय का ते बोटांनी बघत.

नव्वद कंडेन्सरचे, दोनशे मजुरी, पॉइंटचे वेगळे.
"उद्या दुपारी बंद पडली तं सांगा.
नाही पडली तं कशाले सांगता?"

आज दोन वाजता पुलाच्या चढावर
मी रेडिओ लावला नाही, काच खाली ठेवली.
डॅशबोर्डवर जुना डबा इकडून तिकडे घरंगळत होता.
चढ संपला. उतार आला. सिग्नल लागला.
स्कूटरवाल्यानं बाजूला पाहिलं,
काही म्हणाला नाही.
मी अजून ऐकतेच आहे.