येसर, उपाशीपोटी

पहिल्या महिन्यात मी पाट्यांवर विश्वास ठेवला.
झणझणीत. अस्सल. गावरान. चुलीवरचं.
सिंहगड रोडला एका पाटीवर तर मिरचीलाच मिशा काढलेल्या.
आत पोरानं विचारलं, 'मॅडम, मीडियम की स्पायसी?'
मी म्हटलं, आमटीसारखी.
त्यानं आणलेल्या वाटीत बोटभर लाल तेल
आणि तेलाखाली गूळ.

मग कात्रज, मग वाकडच्या पुलाखाली,
मग पगार झाल्यावर एकदा कोथरूडात,
जिथं भाकरी चतकोर करून
टोपलीत रुमालाखाली निजवतात.
जीभ सगळीकडं भाजली.
पण भाजणं वेगळं आणि तिखट लागणं वेगळं.
तिखट आधी कानामागं लागतं,
मग नाक वाहतं,
मग माणूस बोलायला लागतो.

माझं काम रक्त गोळा करायचं.
सकाळी सहाला स्कूटी, पायाशी बर्फाचा डबा,
उपाशी माणसांची दारं.
कुठल्या घरात काय शिजतंय
ते मला बेल वाजवायच्या आधी कळतं:
पोहे, पोहे, साबुदाणा, उतू गेलेलं दूध, पोहे.

त्या मंगळवारी धायरीत, तिसरा मजला, लिफ्ट बंद,
दुसऱ्याच जिन्यावर मला शिंक आली.
थांबले. कठडा धरला.
बाजरी भाजत होतं कुणीतरी. आणि धने. आणि दगडफूल,
करपायच्या एक क्षण अलीकडं.

पेशंट: ज्ञानोबा जायभाये, वय बासष्ट,
रिटायर्ड कंडक्टर. साखर.
शीर सापडेना, माझंच लक्ष नव्हतं.
'एकाच तिकिटाला दोनदा पंच?' ते म्हणाले.
मी आतल्या दाराकडं बघून विचारलं,
'येसर करताय का?'

सुदामतीबाई उलथनं घेऊनच बाहेर आल्या.
'कुठली गं तू?'
'कड्याची. आष्टीजवळ.'
'आम्ही पाटोद्याचे. तुमच्यात गहू घालत्यात ना?'
'हो. गहू आन् हरभऱ्याची डाळ.'
'मग ते येसर नव्हं,' त्या म्हणाल्या, 'ती खीर.'

सहा महिने मी जे अस्सल म्हणून शोधलं
ते शेजारच्या तालुक्यात खीर होतं.
हसू आलं. डोळ्यांतही आलं काहीतरी,
ते मिरचीच्या धुरानं, असं आपण म्हणू.

निघताना द्यायला डबी सापडेना.
माझ्या पिशवीतली
लघवीच्या तपासणीची कोरी बाटली
त्यांनीच उचलली. 'नवी हाय ना? मग काय झालं.'
दाबून भरली, बूड आपटून आणखी भरली.
पाणी किती घालायचं, मी विचारलं.
'माणसं किती?'
'एकटीच.'
उलथनं हवेत थांबलं.
'पंगतीचं हाय बाई हे. पायलीच्या मापानं येतं मला.
एकटीचं येसर कसं करत्यात
मला नाही ठावं.'

लेबल कोरं सोडायचं नाही, ही हाताची सवय.
नाव: येसर. वय: आजचंच.
वेळ: सात चाळीस. उपाशीपोटी.

बाटली कपाटावर आहे, आज नववा दिवस.
रात्री दिवा न लावता झाकण फिरवते,
करंगळी बुडवते, चाटते,
आणि ओळीनं शिंका.
पलीकडच्या कॉटवरनं प्रणोती विचारायची, 'सर्दी?'
मी हो म्हणायची.
आज ती उठून बसली.
'तुझ्या सर्दीला फोडणीचा वास येतो,' म्हणाली.

'तिखट खातेस का?'
'खाते की. नारळ घालून.'

कुडाळची आहे. मी काही बोलले नाही.
अंधारात बोटं मोजत राहिले:
ती एक, मी एक,
खालचा इस्त्रीवाला, त्याची बायको,
जायभाये, साखर दोनशे चाळीस, त्यांना अर्धीच भाकरी.
पायलीला अजून बरीच माणसं
कमी पडतात.