तिसरा दशांश

रियालात हजार बैसा असतात.
हे वादी कबीरमधल्या पोराटोरांनाही ठाऊक,
फक्त आमच्या पगाराच्या सॉफ्टवेअरला नाही.
ते पुण्यात जन्मलं, रुपये-पैशांत वाढलं.
तिसरं घर आलं की ते पुसून टाकतं
आणि अंग चोरून पुढच्या माणसाकडे वळतं.

अकरा वर्षं चाललं. आता चालणार नाही.
नव्या नियमाचं पत्र आलंय:
एक तारखेपासून प्रत्येकाची ओळ वेगळी,
मूळ पगार वेगळा, भत्ता वेगळा,
ओळखपत्राचा आकडा, तीन दशांश,
आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच.

बाहेर करवत ॲल्युमिनियम कापतेय.
मी आत नावं जुळवतेय.
'लांबू' निघाला गुल रहमान वल्द शेर जमान.
'छोटा', पन्नाशीचा, जाड भिंगांचा,
मोतालेब हुसेन मृधा.
'दाजू'ला विचारलं तर तो लाजलाच.
दिलबहादुर घर्ती, म्हणाला, पण मॅडम,
या नावानं हाक मारलीत
तर मी कदाचित वळणार नाही.

सोळा ओळी झाल्या.
सतराव्या ओळीत लिहिलंय: स्टोअर २.
दरमहा चाळीस रियाल. हजेरी पूर्ण.
अकरा वर्षांत एक रजा नाही, एक ताप नाही.
मी उठून स्टोअर पाहून आले.
एकच आहे. रबराच्या पट्ट्या, स्क्रूचे खोके,
उन्हाला कंटाळून आत आलेली एक मांजर.

पेवेकरशेठना विचारलं, दुसरं स्टोअर कुठंय?
त्यांनी एसीचा रिमोट उगाच उचलला, ठेवला.
'नाट्याला,' म्हणाले. 'राजापूर तालुका.
दाऊद सोलकर. शिडीवरनं गेला.
कंपनी तीन महिन्यांची होती, विमा नव्हता.
त्याच्या बायकोला फोनवर जे बोललो
ते कुठं लिहून ठेवता येईना,
म्हणून हे असं लिहून ठेवलं.'

मी यादी उघडली: मूळ, घरभाडं, प्रवास, जादा तास, इतर.
'इतर' दाबलं. चौकट लाल झाली,
ओळखपत्र मागू लागली.
जुन्या फायलीतून दाऊदचा आकडा काढून टाकला.
'मुदत संपलेली आहे.'
तेवढं मात्र सॉफ्टवेअरला बरोबर कळलं.

'काढून टाक बाय ती ओळ. खिशातनं देईन.'
दारापर्यंत गेले, परत आले.
'पण खिसा विसरतो.'

मग बँकेचा कागद काढला,
त्यांच्या स्वतःच्या खात्यातून, दर महिन्याच्या पाच तारखेला,
श्रीमती रुकय्या दाऊद सोलकर.
रक्कम पाठवण्याचं कारण, खूण करा:
कुटुंबाचा निर्वाह. शिक्षण. कर्जफेड.
चष्मा कपाळावर चढवून त्यांनी
तिन्ही ओळी बोट ठेवून वाचल्या.
बोट तिसरीवरच राहिलं.
मी खूण केली. सही त्यांनी उर्दूत केली,
नेहमी इंग्रजीत करतात.

गुरुवारी रात्री चाचणीची फाइल गेली.
सोळा ओळी, सोळा मंजूर.
राहिले ते पुसलेले अंक.
जुनी हजेरीपत्रकं काढून महिन्यामागून महिना
तिसरं घर परत मांडलं.
सगळ्यांचे मिळून सात रियाल आणि काही बैसा.
शेठ म्हणाले, एवढ्यासाठी जागलीस?
मी म्हटलं, विचारलं तर सांगायला हवं.

मोतालेबनं विचारलंच.
पगाराचा मेसेज डोळ्यांशी नेऊन:
'मागील फरक, शून्य पूर्णांक सहाशे तेरा. ये क्या है, मॅडम?'
सहा करक चहा होतील, मी म्हटलं.
तो हिशेब करत राहिला.
सहा चहा सहाशेचे. वर तेरा.
इथं सगळ्यात लहान नाणं पाच बैशांचं,
तेरा कुणी कुणाच्या हातावर ठेवूच शकत नाही.

फायलीत ते आहेत.
ओळ नऊ, शेवटचे दोन अंक.