डावा खिसा

दुकान विकलं, त्याच आठवड्यात
बॉयलरच्या मागे फॅरेक्सचा डबा सापडला.
झाकण इतकं घट्ट बसलेलं की
शेवटी दाराच्या फटीत धरून फिरवलं.

आत नाणी. सुटी नव्हेत,
एकेक पांढऱ्या चिंधीत, दोऱ्याने आवळलेलं,
आणि चिंधीवर आबांची पक्की शाई,
कपड्यांवर खूण घालायचे तीच:
४१७. राखाडी कोट. डावा खिसा.
५२०. निळा ब्लेझर. आतला खिसा. अस्तर फाटलेलं, शिवलं.

नोटा ते त्याच दिवशी परत करायचे.
परदेशी चिल्लर मागायला कोण येतं?

घडियाळी पोळात इंदुकुमार चोकसी बसतात.
भिंग लावलं तरी दुसरा डोळा मिटत नाहीत,
तो गिऱ्हाइकावर असतो.
"बारा कोनांचं, पितळी. थ्री पेन्स, इंग्लंड. ढिगाने येतात.
भोकवालं, हत्तीचे सुळे: आफ्रिकेचे दहा सेंट.
पोरं गळ्यात घालतात.
गलबत म्हणजे कुवेत.
हे रशियन. कोयलीला रिफायनरी बांधायला आले होते ने,
त्यांचं. याला कोण विचारतंय, बेन?"

चुंबकाला चिकटलं की उजवीकडे,
नाही चिकटलं की डावीकडे.
अर्ध्या तासात जगाचे दोन ढीग झाले.
चिंध्या ते न वाचता टोपलीत टाकत होते,
मी वाकून वाकून उचलत होते.
नाण्यांवरचे राजे मला एकही ओळखू येईना,
कोट मात्र येत होते.
रशियन बाईचा कोट तर हुबेहूब.
तिचं नाव उच्चारता येईना म्हणून
आबांनी पावतीवर लिहिलं होतं: मॅडम उंच.
पेट्रोलच्या वासात तिने एकदा माझी वेणी सोडून
पुन्हा घातली होती, जरा तिरपीच.

एका सिंहापाशी चोकसी थांबले.
मागे डोंगर, साल एकोणीसशे पंचवीस.
काचेवर हलकेच टाकलं, कान दिला.
"रुपयात चार आणे चांदी. साडेतीनशे देतो."
मी चिंधी पाहिली:
६३२. तपकिरी ओव्हरकोट. अमीन, कारेलीबाग.
दोनदा निरोप दिला.

साडेतीनशेच्या नाण्यापायी
रिक्षाला साठ रुपये मोजले.
डाह्याभाई अमीन, वय एक्क्याण्णव, झोपाळ्यावर.
नाणं घेतलं, उन्हात धरलं, बराच वेळ.
"माझं नाही," म्हणाले.
"कोटही माझा नव्हता.
एंटेबेच्या विमानतळावर, बहात्तर साली,
रांगेत पुढचा माणूस म्हणाला, जरा धरा,
पेटी उघडायला सांगतायत, आलोच.
विमानात मी तो कोट मांडीवर घेऊन बसलो.
इथे आल्यावर तुझ्या बापाकडे धुवायला टाकला.
स्वच्छ करून द्यावा, असं मनात होतं.
मग न्यायला काही पाय उचलला नाही."
झोपाळ्याची कडी दोनदा वाजली.
"आहे का अजून?"

नाही, म्हणाले मी.
तो कोट मला पाठ होता.
आबांनी कधी अंगात घातला नाही,
पण मंगळवारी, माल यायचा त्या रात्री
मला काउंटरखाली झोप लागली
की तोच अंगावर यायचा,
बाह्यांसकट, एका धिप्पाड माणसाएवढा.
मी समजत होते, आबांचाच आहे.
खिशात हात घालून झोपायचे,
खिसा तेव्हा रिकामाच असायचा.

चहा झाला. नाणं त्यांनी परत माझ्या हातात ठेवलं,
माझी मूठ मिटवली.

घरी येऊन ते पुन्हा चिंधीत बांधलं.
खाली एक ओळ वाढवली:
अमीन यांचं नाही. विचारून आले.
बॉलपेन कापडावर अडखळतं,
दोन अक्षरं उमटली, तिसरं फुटलं.
पक्की शाई हल्ली कुठे मिळते,
चोकसींना माहीत असेल कदाचित.
ढीग अजून त्यांच्याकडेच आहेत, दोन्ही.