चिठ्ठीवर पेन्सिलीनं

वेल्ता कळी उमलायच्या आधी उघडते.
आदल्या दिवशीच, पाकळ्या अजून
घडी न मोडलेल्या पत्रासारख्या असताना,
कारण वाटाण्याला वाट बघायची सवय नाही,
दार लावून आतल्या आत
तो स्वतःशीच लग्न लावून मोकळा होतो.

दहा पुंकेसर. नऊ जोडलेले, एक सुटा.
दहाही चिमट्यानं काढायचे, श्वास धरून.
मग दुसऱ्या ओळीतल्या फुलाचा पराग
बाळाच्या जिभेला मीठ लावावं इतकाच
टेकवायचा.
वर लाल दोरा. दोऱ्याला चिठ्ठी.
चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहायचं;
व्हिद्झेमेच्या पावसात शाई टिकत नाही.

आई: करडा वाटाणा, जांभळ्या फुलाचा,
आल्मा म्हातारीच्या माळ्यावरच्या बरणीतला.
ती गेल्यावर नातू बरणी घेऊन आला केंद्रावर.
"घरात उंदीर झालेत," एवढंच म्हणाला.
बाप: बुटका, बिनपानांचा.
पानांच्या जागी नुसते तणावे,
एकमेकांचे दंड धरून वाऱ्यात उभी राहणारी झाडं.
मूळ सहसा कुजत नाही.
चवीला पुठ्ठा.

पहिल्या पिढीत सगळे सारखे, शहाण्यासारखे.
दुसऱ्या पिढीत घर विस्कटलं:
कुणी उंच, कुणी खुजा, कुणी पांढऱ्या फुलाचा,
जो तो भलत्याच नातेवाइकावर गेलेला.
वेल्तानं सहाशे झाडं उपटली, चाळीस ठेवली.
चौथ्या वर्षी कबुतरं.
पाचव्या वर्षी रीगाहून पत्र,
अत्यंत अदबीनं लावलेल्या
वाटाण्याच्या अक्षता.
सहाव्या वर्षी जुनी मोटार विकून
तिनं कुंपणाला जाळी घेतली.

सातव्या उन्हाळ्यात पाऊस थांबलाच नाही.
शेत पिवळं पडलं, मग तपकिरी,
मुळं उपसली तर चहात भिजलेल्या सुतळीसारखी.
एकतिसावी ओळ तेवढी हिरवी.
वेल्ता चिखलात गुडघे टेकून बसली,
मुळावरची एक गाठ नखानं फोडली.
आत गुलाबी. हिरडीसारखी, जिवंत.

ही गाठ हवेतला नत्र धरून ठेवते.
इथे पुढच्या वर्षी राय पेरली
तर खताच्या काही गोण्या कमी लागतील,
आणि तेवढंच कमी वाहून जाईल
गाउया नदीतून समुद्रात,
जिथे ऑगस्टमध्ये पाण्यावर हिरवी साय धरते
आणि आया मुलांना काठावरूनच मागे ओढतात.

नाताळात केंद्राच्या स्वयंपाकघरात
एकतिसावी ओळ शिजली, कांदा आणि डुकराच्या चरबीत.
इकडे म्हणतात, वाडग्यात जितके वाटाणे उरतील
तितके अश्रू येत्या वर्षी.
चाळीस हेक्टरवाला विस्वाल्दिस
खूप वेळ चावत राहिला.
"उभा राहतो, हे मान्य.
पण साल, बाई. साल चावता चावता
ईस्टर येईल."
आणि चमचा खाली ठेवला.

वेल्तानं त्याचं वाडगं पुढ्यात ओढलं.
अकरा.
तिनं ते मोजले, खाल्ले नाहीत.
तसंही तिला कधी सगळे संपवता आले नाहीत,
मूठभर मागे राखायचेच असतात,
शिजवायच्या आधी,
कागदी पाकिटात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात.

जूनमध्ये परत तीच खुर्ची, तोच चिमटा.
आता एकतिसावी ओळ बाप,
आणि आई पुन्हा आल्माची बरणी,
तळाशी उरलेल्या दाण्यांची.
वेल्ताचा हात अलीकडे थोडा हलतो.
ती इंगुसच्या बोटांत चिमटा देते,
"नखानं नको. आणि बोलू नकोस, श्वासानं उडतं."
पराग टेकतो. दोरा बसतो.

चिठ्ठीवर तारीख घालताना ती थांबते.
"तुझं वय काय रे?"
"एकोणतीस."
"पुरेल," ती म्हणते,
आणि पेन्सिलही त्याला देऊन टाकते.
टोक मोडलेलं आहे.
तो दातांनी लाकूड सोलत बसतो.