हातून

थ्रॅपस्टनसाहेब गेले. विलायतेत, झोपेत.
पेपरात अकरा ओळी आल्यात
पाचव्या पानावर, कापसाच्या भावांशेजारी:
बॅरिस्टर, मग मुंबई हायकोर्टात एकोणीस वर्षं जज्ज,
आठ महिने हंगामी चीफ जस्टिस, सर,
शेवटी लंडनला प्रिव्ही कौन्सिलात.
"एतद्देशीय भाषांवर त्यांचे प्रभुत्व होते."

प्रभुत्व!
मी मोरोबा अजिंक्य, त्यांचा दुभाषी,
ठाकुरद्वारच्या ओटीवर एकटाच हसलो
तशी सून बाहेर डोकावली.

साहेबांना "घोडा आण" येई, "पाणी गरम नाही" येई,
आणि "खरं सांग" हे ते असं म्हणत
की साक्षीदार खोटं बोलायलाही विसरे.
माणूस वाईट नव्हता.
बुरशी धरलेला टोप म्हाडगुत पट्टेवाला
शेगडीवर सुकवायचा, एकदा कड जळाली,
तर साहेब तोच जळका टोप घालून वर्षभर बसले,
म्हाडगुताचा पगार कापला नाही.
मडमबाई महाबळेश्वरी वारल्या
त्या आठवड्यात त्यांनी कुणाला फाशी सुनावली नाही.
पुढच्या आठवड्यात दोघांना.

मग येसू घाडी.
गिरणीत रिळावर होती. तान्हं पोर घरी.
कामावर जाताना पोराला अफूची गोळी,
चाळीतल्या सगळ्याजणी देत तशी. त्या दिवशी दोन.
साडेचार वाजले होते,
ज्यूरीतले नऊजण जांभया गिळत होते.
साहेबांनी स्वतः विचारलं, मी ते मराठीत आणलं,
आणि पिंजऱ्याचा गज धरून ती म्हणाली,
"माझ्या हातून झालं."

आमच्याकडे कप फुटतो तो हातून,
आमटीत मीठ जास्त पडतं ते हातून.
हात पुढे असतो, माणूस जरा मागे उभा,
आणि जे झालं ते त्या दोघांमधल्या फटीतून निसटतं.
साहेबांच्या भाषेत दोनच दारं होती:
मी केलं. नाहीतर, झालं.
मधे नुसती भिंत.

मी पहिलं दार उघडलं.
घाई होती. दुसरं उघडतो तर
सरकारी वकील उठला असता,
दुभाष्या बाईची बाजू घेतोय म्हणाला असता.
आणि खरं सांगायचं तर
इंग्रजीत ते वाक्य फार ठसठशीत झालं,
मला थोडा अभिमानच वाटला.

साहेबांचा टाक थांबला. "एवढंच म्हणाली?"
"एवढंच, माय लॉर्ड."
टाक पुढे गेला.
जन्मठेप, काळं पाणी.
तेही तिला मीच सांगितलं.
त्याच्या मराठीला काही अडचण आली नाही.

सात वर्षांनी साहेब अपोलो बंदरावरून बोटीत चढले
त्या सकाळी म्हाडगुताकरवी त्यांचा मराठी कोश आला,
एक कोपरा वाळवीने खाल्लेला.
"हातून"पाशी पेन्सिलीने खटल्याचा नंबर, साल,
आणि शेजारी बारीक अक्षरात:
मोरोबाला विचारणे.

सात वर्षं ते माझ्यापासून बारा पावलांवर बसत होते.
विचारलं नाही.
मीही कधी बारा पावलं चाललो नाही.

लंडनला म्हणे आरोपी नसतो, साक्षीदार नसतो,
अर्ध्या जगातून नुसते कागद येतात,
छापलेले, फितीत बांधलेले,
आणि ते एका शांत खोलीत वाचायचे.
कुणाचा आवाज कानी न येणं
याला तिकडे बढती म्हणत असावेत.

आज हायकोर्टात सगळे जज्ज उभे राहिले, कुणी सांगत होतं.
येसूचं पुढे काय झालं
ते कुठल्याच पानावर नाही, मी पाहिलंय.

सुनेकडून कात्री मागून घेतली.
हात कापतो हल्ली,
अकरा ओळी कापता कापता
पातं नेमकं "प्रभुत्व"मधून गेलं.
"अगंबाई, मामंजी, काय केलंत हे?"

तीन शब्दांचं उत्तर अगदी तोंडाशी आलं होतं.
"कापलं मी," म्हटलं,
आणि कात्री तिच्याकडे परत दिली.